हीटरच्या दोन केबल

९ जाने.
माझ्या दोस्ताची, मारुतीची, व्हॅन आली. त्याचा धाकटा भाऊ बिरू आटपाडीहून घेऊन आला. किल्ली हातात देऊन म्हणाला, "वहिनी म्हणत्यात, हीटर नीट करून द्या. मेंढरांमागं आता त्याच जाणार." चहा नको म्हणाला. एस.टी.नं परत गेला.
मारुती जाऊन अठरा दिवस. पलटणीतून ड्रायव्हर म्हणून सुटल्यावर त्यानं ही जुनी गाडी घेतली. माझ्याच गॅरेजात तिचं घर केलं, आत पलंग, ओटा, पाण्याची टाकी. थंडीत भावाच्या कळपामागं पाटणच्या डोंगरावर असायचा. तिथंच काचा लावून, आत कोळशाची शेगडी ठेवून झोपला. सकाळी उठला नाही.
गाडीवर ताडपत्री टाकली.

१२ जाने.
गाडीला हात लावला नाही. दोन ट्रॅक्टर दुरुस्त केले.

१५ जाने.
बॉनेट उघडलं. कुणाला बोललो नाही, म्हणून लिहितो.
दिवाळीआधी तो आला होता, हीटर बंदच होत नाही, पाय भाजतात म्हणून. हीटरच्या गरम पाण्याचा कॉक उघडा-बंद करणारी केबल गंजून धरलेली. हवा वळवणारी दुसरी तुटलेली. डॅशबोर्ड खोलायचा कंटाळा केला. कॉक बंद करून बांधायच्या तारेनं आवळला. थंडीच्या आधी ये, नव्या टाकतो म्हणालो. तो आला. पुढच्या आठवड्यात बघू म्हणालो.
तार तशीच आहे. तिच्यावर पकडीचे ओरखडे आहेत, माझे नाहीत. पीळ मागच्या बाजूला दिलेला, वरून दिसत नाही. म्हणजे डोंगरावर त्यानं सोडायला...
आज एवढंच.

१७ जाने. जुम्मा
नमाज झाली. दुआला हात उचलले, काय मागायचं सुचेना.

२१ जाने.
मिरजेत जुन्या सामानाची दुकानं पालथी घातली. या गाडीची केबल आता कुठंच मिळत नाही. मोटारसायकलच्या क्लचच्या दोन आणल्या. टोकं कापून, डाग देऊन जोडावी लागतील.

२३ जाने.
डॅशबोर्ड खोलला. मागं त्याचा चष्मा पडलेला, एक काडी मोडकी. पुसून ठेवला.
केबल बसल्या. एकदा उलटी लागली, परत काढली. लिव्हर आता बोटानं सरकतो. कॉक उघडतो, मिटतो.
सगळं धरून पाच तास लागले.

२६ जाने.
सोजरवहिनी आल्या, मारुतीची बायको. गाडी चालवायला त्यानंच शिकवलेली. चष्मा दिला. त्यांनी पिशवीत ठेवला.
इंजिन चालू केलं. गरम व्हायला वेळ लागतो, तेवढ्यात सांगून टाकलं. "वहिनी, कॉक मी बांधला होता." सगळं सांगितलं. इथं लिहिलं नव्हतं तेही. शेवटच्या दिवशी संध्याकाळी त्याचा फोन आला होता. गारठा लय हाय म्हणाला. मी हसलो न् म्हणालो, मग शेगडी घे की आत.
वहिनी दारातून हीटरच्या जाळीवर हात धरून उभ्या होत्या. म्हणाल्या,
"मलाबी फोन आला व्हता त्येंचा. नसीर शेगडी घे म्हनतोय म्हनाले. मी म्हनलं, घ्या."
मग म्हणाल्या, "बिरूला यातलं कायबी सांगू नगा."
जाळीतून गरम हवा यायला लागली. मी इंजिन बंद करायला वाकलो तर नको म्हणाल्या. तशाच बसल्या, गिअर टाकला न् गेल्या. इस्लामपूरच्या रस्त्याला लागेपर्यंत बघत होतो.

४ फेब्रु.
घरात हिनं विचारलं, जेवत का नाही. पोट बरं नाही म्हणालो.

८ फेब्रु.
बिरूचा फोन, पाटणवरून. वहिनी रोज दिवस मावळला की अर्धा तास गाडी चालू ठेवतात, हीटर लावतात. मग दार ओढून घेतात न् बाहेर मेंढरांजवळ घोंगडं घेऊन झोपतात. अंगात ताप आहे तरी.
"नसीरभाऊ, हीटरात काय खोट ऱ्हायली का?"
नाही म्हणालो.
"मग त्या आत का झोपंनात?"
उद्या रविवार, येऊन बघतो म्हणालो. हत्यारांची पिशवी भरून ठेवली आहे. सकाळी कऱ्हाडची पहिली गाडी. वर गेल्यावर बिरूला काय सांगायचं, ते अजून ठरत नाही.