बाबांच्या धोतराचा पडदा आणि गफ्फारचा भोंगा

उंद्री, शुक्रवार, मे १९६९

चि. इंद्रभान यास मोठा भाऊ मोतीराम याचा आशीर्वाद. (लिहायची इच्छा नव्हती. पण माय समोर गवारीच्या शेंगा निवडत बसली आहे, आणि तिला अक्षरओळख नसली तरी पहिली ओळ ती माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेते.) आम्ही सर्व खुशाल आहोत, म्हणजे परवापर्यंत होतो. तुझी प्रकृती चांगलीच असेल. दुसऱ्याच्या घरात भांडण लावून आपण अकोल्याला पंख्याखाली बसायचं, यात प्रकृती बिघडण्यासारखं काही नाही.

तू सिनेमाच्या गाडीवर नोकरीला आहेस, गावोगाव खताचे आणि बियाण्यांचे सिनेमे दाखवतोस, याचा मला अभिमान होता. आता नाही. चार वर्षांमागे चिखलीच्या प्रदर्शनात बाबांच्या भोपळ्याला पहिला नंबर मिळाला, तेव्हा कोणी त्यांचा सिनेमा काढला होता आणि बाबा त्यात बोलतात, त्याचं रीळ तुला तुझ्या ऑफिसच्या कपाटात सापडलं. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली, घरात त्यांचा एक फोटो नाही, म्हणून मायनं 'एकदा पाहू द्या' असा धोशा लावला. इथवर तुझी चूक नाही. पण मशीन पाठवलंस तर सोबत यायला काय झालं होतं? म्हणे रजा नाही, कागदावर सगळं लिहिलं आहे, आणि रीळ तुझ्या सहीनं आणलंय ते सोमवारच्या आत परत आलं पाहिजे, नाही तर नोकरी जाईल. शिवाय तुझा दोस्त दयाराम कंडक्टर, त्याला उंद्रीत डोळा लागला आणि मशीन मेहकरला जाऊन पोचलं. तिथून बैलगाडीनं आणलं. बैलांनी तुला काय शिव्या दिल्या असतील ते त्यांनाच ठाऊक.

आता तुझा तो कागद. 'आवाजाची पेटी पडद्यामागे ठेवावी. पेटीची तार मशीनच्या मागच्या भोकात घालावी. दुसरी कोणतीही तार तिथे जोडू नये.' अरे शहाण्या, पडद्यामागे कोण असतं? तू इथंच लहानाचा मोठा झालास ना? आपल्याकडे कोणताही सिनेमा आला की बाप्ये पडद्याच्या पुढे आणि बाया मागे, हे तू अकोल्याला जाऊन विसरलास? मी अंगण आणि ओसरी यांच्यामध्ये बाबांचं धोतर ताणून बांधलं. (चादर जाड असते, मागच्या बाजूनं चित्र दिसत नाही. एवढी अक्कल मी माझी वापरली, तुझ्या कागदात ती नव्हती.) अंगणात बाप्ये, ओसरीवर बाया. मग पेटी ओसरीवर नेली, तर रंगराव काका उठून उभे राहिले. सख्ख्या भावाचा आवाज मी ऐकायचा नाही तर कोणी, असं म्हणून त्यांनी पेटी उचलून अंगणात आणली. तिकडून सुभद्रा आत्यानं ती धोतराखालून पुन्हा आत ओढली. सख्खी बहीण तीही आहे. पेटीला एक तार, तीही चार हात. अर्धा तास ती पेटी या बाजूनं त्या बाजूला जात होती आणि मी मध्ये धोतर धरून उभा, कारण ते दोनदा सुटलं.

अशा वेळी भोंगेवाला गफ्फार आला. (त्याला मी बोलावलं नव्हतं. असं मी मायला सांगितलं आहे, तूही तसंच सांग.) रामरावच्या पोरीच्या लग्नात त्यानं आमच्या गोठ्यामागच्या कडुनिंबावर भोंगा बांधला होता, तो अजून उतरवला नव्हता. तो म्हणाला, "मोतीरामभाऊ, झगडा कायले? पेटीची तार काढा, मह्या भोंग्याची लावा. समद्यायले सारखंच आईकू येईन." मला ते पटलं. तुझ्या कागदावर 'जोडू नये' होतं, पण का जोडू नये ते नव्हतं. कारण न देता हुकूम सोडायची सवय तुला नोकरीत लागली, मला नाही.

दिवेलागण झाल्यावर मशीन सुरू केलं. धोतरावर बाबा आले. भोपळा हातात, डोक्यावर तोच पटका. अंगणातले सगळे पुढे सरकले. आवाज मात्र नाही. बाबांचे ओठ हलतात आणि ऐकू येते ती मशीनची खडखड, कारण भोंग्याची तार भोकात नीट बसत नव्हती. सारखंच ऐकू येणार म्हणजे कोणालाच येणार नाही, हे गफ्फारनं आधी सांगितलं नव्हतं. मी तारेशी झटापट करतोय तोच ओसरीवरून माय म्हणाली, "हे ते नाईत." मी म्हटलं, बाबाच आहेत. ती म्हणाली, "त्यायचा चामखीळ डाव्या गालावर होता. याचा उजव्या गालावर हाये. कोनाचा मानूस आनून दाखवता मले?" आणि उठून मागच्या दारानं गोठ्याकडे निघून गेली. मागून चित्र उलटं दिसतं हे तिला कसं सांगणार? तुझ्या कागदात तेही नव्हतं. दोन वर्षं ज्याची वाट पाहिली ते दोन मिनिटांत सोडून ती गेली, आणि मला तुझा इतका राग आला की हातातली तार तशीच टाकून मी तिच्या मागे धावलो.

ती गव्हाणीपाशी पाठ करून उभी होती. मी तिला पुढच्या बाजूला चल म्हणणार, तेवढ्यात टाकलेली तार कुठं तरी टेकली असेल, कडुनिंबावरून भोंगा खरखरला आणि बाबा बोलले. अख्ख्या उंद्रीनं ऐकलं. कोणी साहेब विचारत होता, बक्षीस कोणाच्या नावानं लिहायचं. बाबा म्हणाले, "अन्नपूर्णाच्या नावानं लिहा साहेब. पानी तिनंच घातलं. मी नुसता पाह्यत राह्यलो."

इंद्रभान, बाबांनी मायला कधी नावानं हाक मारली होती का, आठवून पाहा. 'अवं' आणि 'आईकलं का' याच्यापुढे ते गेले नाहीत. घरात भोपळ्याचं कौतुक झालं तेव्हासुद्धा बियाणं चांगलं होतं एवढंच म्हणाले होते. मायनं पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि खाली बसली. मीही बसलो. त्यामुळे सिनेमा मी पाहिलेला नाही, हे लक्षात ठेव. सगळ्या गावानं पाहिला, मी पाहिला नाही.

असो. मशीन आणि रिळाचा डबा आज दयारामबरोबर पाठवतो आहे. पुन्हा आमच्या घरी तारेचा तुकडासुद्धा पाठवू नकोस. कळावे. रागात असलेला तुझा भाऊ,

मोतीराम

ता. क. पेटीच्या तोंडावरचं फडकं फाटलं आहे. काका आणि आत्या दोघंही तुला जबाबदार धरतात.

ता. क. दुसरा. दयारामला डबा जड लागेल. त्यात रीळ नाही, मायनं दिलेलं भोपळ्याचं बी आणि दोन विटांचे तुकडे आहेत. रीळ तिच्या ट्रंकेत लुगड्यात गुंडाळलेलं आहे आणि किल्ली तिच्या कमरेला. तुझी सही, सोमवार, नोकरी, सगळं मी समजावून सांगितलं. तुझ्या साहेबाला काय सांगायचं ते तू पाहा. ती शेंगा निवडता निवडता म्हणाली, "चाळीस सालात महं नाव नाई घेतलं. आता घेतलं, तं ते वापस देऊ काय?"