मोहन्याचे १९.५७ कप

सोमवार, ६ जानेवारी २०२५. सकाळी ८.१०
यंदा रिसर्च पेपरवर लेखक म्हणून नाव. ठरलं. एकोणीस वर्षं मेडिकल कॉलेजात डॉक्टरांच्या संशोधनाची आकडेवारी मीच सांभाळतोय. नाव मात्र आभारात, त्यातही दोनदा स्पेलिंग चुकलेलं. स्टॅटिस्टिक्स मला कोणी शिकवलं नाही. स्वतः शिकलो. कामात दिसतंच ते.
विषय: मोहने गावातल्या लोकांचा चहा आणि ब्लडप्रेशर. आमच्या हेड चित्रा मॅडम म्हणाल्या, अ‍ॅनालिसिस स्वच्छ असेल तर घेते तुम्हाला लेखकांत. स्वच्छ! मला सांगतायत.

गुरुवार, ९ जानेवारी
शिसारी. घरोघर फॉर्म भरणाऱ्या विमलाबाईंनी 'रोज किती कप' हा रकाना चक्क रिकामा ठेवला. रिकामा रकाना म्हणजे उष्टं ताट. दटावलं: उत्तर दिलं नाही तर ९९ लिहायचं, जगभर लिहितात. बाई म्हणाल्या, अहो सर, 'नाही सांगितलं' असं लिहिलं तर काय बिघडतं? अडाणीपणाला औषध नाही.

मंगळवार, ११ फेब्रुवारी. दुपारी ३.४०
२४० फॉर्म. सरासरी माणशी रोज १९.५७ कप! दोनदा चालवून पाहिलं. माणसं आहेत की पिंपं? किळस आली. पण शोध मोठा आहे.
बायकोला सांगितलं. नीला म्हणाली, अहो, मग ते झोपतात कधी? म्हटलं, हा शास्त्राचा प्रश्न आहे, स्वयंपाकघरातला नाही.
सासूबाई राहायला आल्यात. जावयाचं नाव छापून येणार, हे अख्ख्या आंबिवलीला सांगून आल्यात. आजवर विचारायच्या, जावई त्या कॉलेजात नक्की करतात काय?

शुक्रवार, २१ फेब्रुवारी
विभागात सादरीकरण. स्लाइड चौथी, १९.५७. मागून विमलाबाई उठल्या. म्हणाल्या, सर, ते ९९ कप नाहीयेत हो, ते तुमचंच ९९ आहे. एक्केचाळीस सुना होत्या. सासू समोर बसलेली, कोण सांगेल किती कप पिते ते?
हॉल हसला. कुणीतरी ओरडलं, सरांना चहा आणा रे, साडेएकोणीस कप!
हे हसणं अत्यंत हीन दर्जाचं. चूक सॉफ्टवेअरची. ९९ म्हणजे काय, एवढं त्याला कळायला हवं. ते वगळलं तर सरासरी ३.२०. म्हणजे बाकीचं माझं अगदी बरोबर होतं.
मॅडम म्हणाल्या, खरा पेपर त्या एक्केचाळीस जणींचाच आहे. विमलाबाई, या इकडे.

सोमवार, २ जून. संध्याकाळी ७.०५
पेपर आला. विषय: सासूसमोर न दिलेली उत्तरं. लेखक: चित्रा मॅडम, विमलाबाई. मी आभारात. स्पेलिंग बरोबर आहे.
नीलाने विचारलं, आलं का हो नाव?
सासूबाई समोरच बसलेल्या, चष्मा लावून.
माझं उत्तर: ९९.