मागे न पाहता सोडलेली मोटार

मी, सावळाराम रखमाजी पारठे, वय अदमासे सदुसष्ट, धंदा भाड्याची मोटार हाकणे, राहणार उत्रोली, तालुका भोर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो. शिक्षण मराठी तिसरी. दम्याने छाती भरते, पण डोके जागेवर आहे. वकील दीनानाथराव यांनी आजचा वार आणि घरातल्यांची नावे विचारून खात्री केली आहे. तरी पुढे कोणी शंका काढील, म्हणून वारही लिहितो : शनिवार.

१. राहते घर आणि परसातले दोन आंबे पत्नी सगुणाबाई हिला. तिच्या हयातीत तिला कोणी ‘जरा सरकून झोप’ असेही म्हणू नये.

२. जॅक, पंप, पाने आणि पत्र्याची पेटी मुलगा मानसिंग याला. त्याचा पाय क्लचवरून एकदम उठतो, हे मी पाच वर्षे सांगतो आहे. भुसभुशीत जमिनीत मोटार उभ्या जागेवरून झटक्यात काढायची तर नुसता जोर करून भागत नाही. चाक जागच्या जागी फिरून खड्डा करते. मागच्या चाकांची हवा थोडी कमी करावी, म्हणजे टायर पसरून माती धरतो. वजन मागच्या आसावर घ्यावे. क्लच सावकाश सोडावा. जत्रेतली शर्यत झाली की हवा पुन्हा भरावी. तो विसरेल, म्हणून परत लिहितो : हवा पुन्हा भरावी.

३. मोटार मानसिंगला नाही. ती आमच्याच गावच्या चिमाजी ज्ञानू साळेकर यास द्यावी. कारण लिहिणे भाग आहे.

नऊ वर्षांपूर्वी चैत्रातल्या जत्रेत, रिकाम्या खाचरात, माझी मोटार आणि भोरच्या रघुवीररावांची मोटार यांची फर्लांगभर शर्यत होती. आधीची दोन वर्षे मी मागे भाताची पोती टाकून जिंकलो होतो. त्या वर्षी रघुवीररावांनी पंचांपुढे हरकत घेतली, “ही उतारूंची गाडी. उतारू चालतील, माल चालणार नाही.” पंचांनी ते मानले. मग मी गावातला सर्वांत वजनदार माणूस, पैलवान चिमाजी, मागच्या सामानाच्या कठड्यावर बसवला.

तो म्हणाला, “सावळादा, मला उतारू म्हणून बशिवतोस का पोतं म्हणून?”

“पोतं बोलत न्हाई. तू गप बस.”

“मंग मागं बघून सोड. म्या हात वर केला की मगच.”

“व्हय, व्हय.”

निशाण पडले. रघुवीररावांची मोटार हलली. मी मागे पाहिले नाही. माझाच पाय क्लचवरून एकदम उठला. चिमाजी अजून पाय रोवत होता. तो पडला, मांडी मोडली. मी जिंकलो, आणि पंचांना सांगितले, “त्यो बायांकडं बघून हात हालवत व्हता, म्हणून पडला.” लोक हसले. त्याने खरे सांगितले, पण लोकांना माझे पटले. त्याची कुस्ती सुटली, माझ्याशी बोलणे सुटले. आजही तो लंगडत निघाला की लोक हात हलवून दाखवतात.

४. माझ्या तेराव्याला कलम तीन पारावर मोठ्याने वाचावे. दीनानाथरावांनी वाचावे. मानसिंग मधले गाळील.

इथवर लिहिले, पण सही करवेना. म्हणून आज सकाळी चिमाजीला बोलावून हे वाचून दाखवले. तो बसला नाही, काठीवर भार टाकून उभाच राहिला. म्हणाला, “तू मेल्यावर हे वाचलं की लोक म्हणतील, सावळादा केवढ्या मनाचा! म्हंजी पुन्यांदा तूच जिंकलास. आत्ता चल पारावर.”

“मला दम लागतोय रं.”

“माझी मांडी दुखती. चल.”

गेलो. पारावर दहा-बारा माणसे होती. सगळे सांगितले. कोणी हसले नाही. त्यांतला भिमा खुटवड म्हणाला, “मंग नऊ वर्सं आमी हसलो कुणाला?” निघताना मी चिमाजीला मोटारीचे विचारले, तर म्हणाला, “बघू.”

सबब कलम चार रद्द. कलम तीन कायम. चिमाजीने मोटार नको म्हटली तरी ती मानसिंगला देऊ नये. चिमाजीला पुन्हा विचारावे.

सही : सावळाराम रखमाजी पारठे

समक्ष सह्या करणारे साक्षीदार :
१. दीनानाथ केशव राजवाडे, वकील, भोर
२. भिमा गेनू खुटवड, उत्रोली (डाव्या हाताचा अंगठा)

मुक्काम उत्रोली, ता. ११ फेब्रुवारी १९३९