हेडफोनची उजवी गादी

४ फेब्रुवारी १९७४
इकबालनं दोन हेडफोन माझ्या पुढ्यात ठेवले. तो चालवतो त्या कंपनीच्या विमानासाठी, स्वतःला आणि पाहुण्यांना, नवे घ्यायचेत, मुंबईहून नमुने आलेत. "अब्बा, दिवसभर कानाला सोसंल आन् धा वर्षं टिकंल, त्यो निवडा की. चामड्यातलं तुमालाच कळतंय." कोण विचारतं आता मला! संस्थानची पागा मोडली, घोडे गेले, खोगिरं शिवणारे हात रिकामे. चौथीतली पाखरांची कविता चालीवर म्हणत टाके तपासले. पोरगं आभाळात — आणि माझं काम त्याच्या कानाशी!

५ फेब्रुवारी
एक जड. शिवण पक्की, पण डोक्याला चिमटा फार — पाहुणे तासाभरात काढून टाकतील. दुसरा हलका, पण आतला स्पंज भुसभुशीत. दोन्हींच्या गाद्या उसवल्या. आत लोकर भरली, वर शेळीचं मऊ कातडं शिवलं. खोगीर पारखायचं तर दिवसभर घोड्यावर ठेवायचं, मग उलटून बघायचं. कुठं रुतलं ते कातडं सांगतं. इकबालला म्हटलं, एकेक हेडफोन चार-चार दिवस घालून बघ. "इमानाला घोडं समजलासा व्हय!" पोट धरून हसला. सूनबाई जरीनाही हसली.

१० फेब्रुवारी
जड हेडफोन परत आला. उजवी गादी पार चपटी, बाहेरच्या बाजूला बोटांच्या घामाचे डाग. डावी शिवली तशीच. माझंच काही चुकलं असेल.

१४ फेब्रुवारी
हलकाही तसाच! उजवी चपटी, डावी फुगलेली.
माझं चुकलेलं नाही.

१५ फेब्रुवारी
जरीना बाजारात गेल्यावर विचारलं. आधी हसला. मग खाली बघत म्हणाला — "डावा कान गेलाय, अब्बा. सा म्हैनं झालं. उजवा हातानं दाबून धरला की वायरलेस कळतंय." मुंबईत उतरताना वायरलेसवरचा एक हुकूम निसटला होता. दुसरं विमान लांब होतं म्हणून बरं. "कुणाला सांगू नगासा. इमान गेलं तर मी कोण?"
घोडे गेले तेव्हा मीही हेच विचारत हिंडलो होतो.

२१ फेब्रुवारी
कानाच्या तपासणीत इकबाल पास! कसा — विचारलं नाही. जरीनानं शिरा केला. घास तोंडात फिरत राहिला.

२२ फेब्रुवारी
हलका हेडफोन ठरला, माझ्या गाद्यांसकट. परवा तीन पाहुणे घेऊन मुंबईला जाणार. "त्यातल्या एका बाईंचा कान दुखतोय, त्यांच्या गादीत लोकर जरा जास्त घाला, अब्बा." केवढी काळजी माझ्या लेकराला! घातली.

२४ फेब्रुवारी
सकाळी एस.टी.नं उजळाईवाडीच्या विमानतळावर गेलो. कंपनीच्या साहेबांना सगळं सांगितलं. विमान उडालं नाही.
इकबाल घरी आला. त्याच्या उजव्या बाजूला बसून हाक मारली. ऐकू आली. वळला नाही.