नळ्या बदलल्या म्हणे

सावदा,
१२ जानेवारी २०२५

चि. सौ. सूरज हिस भाऊचा जय जिनेंद्र व अ. उ. आ.

तुझा फोन येऊन गेल्याचं सूनबाई हिनाने सांगितलं. फोन कानाशी धरला की कानातलं यंत्र शिट्टी मारतं, म्हणून आपलं कागदावरच बरं. तब्येत ठीक आहे, डोकं मात्र भणभणलंय.

गावात शिबिर झालं. कुठल्याशा संशोधन संस्थेची मंडळी साठीच्या पुढच्या माणसांचं रक्त घेत होती. मारवाडी, लेवा, मुसलमान, पावरा, सगळ्या समाजांचं. हृदयाचा धोका रक्तात आधीच दिसतो का, आणि समाजागणिक तो कमीजास्त असतो का, हे त्यांना पाहायचं होतं. मी आणि रहीम पिंजारी बरोबरच गेलो. तुला माहीतच आहे, त्याचं गादीचं दुकान आणि माझं किराण्याचं भिंतीला भिंत लागून, दुपारचा चहा दोघांचा एकत्र. एकामागे एक त्याच खुर्चीत बसलो.

परवा रिपोर्ट आले. रहीमचा अगदी स्वच्छ. माझ्यात मात्र 'लिपोप्रोटीन ए' नावाचं काहीतरी हद्दीबाहेर, शिवाय आत कुठे सूज असल्याची खूण. आता तूच सांग. माझ्या घरात कांदा शिजत नाही, दिवस मावळल्यावर मी दाणा तोंडात टाकत नाही, आणि हा गडी दर शुक्रवारी मटण खाऊन वर बिडी ओढतो. नळ्या बदलल्या, दुसरं काय! मी दुकानात चारचौघांसमोर सांगून टाकलं की हे मांसमच्छी खाणाऱ्याचं रक्त आहे, असलं घाण रक्त माझ्या अंगात असूच शकत नाही. तो कागद हातात धरायचीसुद्धा शिसारी आली. फाडून टाकला.

जावईबापूंना नमस्कार. या चिडक्या भावावर जीव असू दे.

तुझा,
मदनलाल


धुळे,
२० जानेवारी २०२५

ती. भाऊंना सूरजचा जय जिनेंद्र व कृ. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. वाचलं आणि पुढ्यातलं ताट सारून उठले. शिसारी मलाही आली भाऊ, पण रक्ताची नाही, तुमच्या बोलण्याची.

हिनाशी बोलले तेव्हा ती रडत होती. तुम्ही ते वाक्य बोललात तेव्हा रहीमभाई तुमच्या मागेच उभे होते, हातात चहाचे दोन ग्लास घेऊन. दोन्ही ग्लास त्यांनी ओट्यावर ठेवले आणि ते निघून गेले. तुम्हाला काही ऐकू आलं नाही. त्यांना सगळं ऐकू आलं.

आणि कांदा खात नाही याची एवढी मिजास कसली? सकाळी कचोरी, दुपारी बशीभर शेव, दिवस मावळायच्या आत तुपात बुडवलेल्या बाट्या. तुमच्या ताटातलं तूप पाहून हे म्हणायचे की मेव्हण्यांना पोहायला शिकवलं पाहिजे. चेष्टा राहू दे. आधी रहीमभाईंकडे जा, मग दुसऱ्या ठिकाणी रक्त तपासून घ्या. माझं एवढं ऐका.

रागावून लिहिलं तरी तुमचीच धाकटी आहे, माया पातळ करू नका.

आपली,
सूरज


सावदा,
९ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. सूरज हिस अ. उ. आ.

धाकट्या बहिणीने कान उपटले, ते मुकाट्याने सोसले. रहीमकडे मात्र गेलो नाही. तो दुकानाचं अर्धं शटर ओढून आत बसतो, नजर देत नाही. रक्तही पुन्हा दिलं नाही. चूक त्यांची, मी कशाला सुया टोचून घेऊ?

पण इथे काय घडलं ते ऐक. शिबिरवाले दुसऱ्या फेरीला आले, तर बाजारातले आपलेच लोक घोळक्याने तिथे गेले. आमच्या माणसांचा दिवस वेगळा ठेवा, खुर्ची वेगळी ठेवा, 'त्यांच्या' नळ्या आमच्या नळ्यांच्या पेटीत नकोत, असं म्हणू लागले. पुढे रतिलाल शेठ. मदनलालजींनीच हे उघडकीला आणलं म्हणून त्यांनी माझ्या नावाचा जयजयकार केला. रक्त काढणारी पोरगी रडकुंडीला आली. संध्याकाळी त्यांनी सामान गाडीत भरलं आणि गेले. अजून निम्म्या लोकांची तपासणी व्हायची होती, ती राहिलीच.

रात्री रतिलाल पेढे घेऊन घरी आला. सूरज, तो पुडा मी उघडलाच नाही. असल्या माणसांच्या तोंडी माझं वाक्य! तरी नळ्या बदलल्या असणार, हे माझं म्हणणं कायम आहे.

हल्ली माळ्यावर चढताना दम लागतो. वय झालं, दुसरं काही नाही.

उत्तर पाठव, शिव्या घालायच्या तर त्याही चालतील.

तुझा,
मदनलाल


धुळे,
२३ फेब्रुवारी २०२५

ती. भाऊंना कृ. सा. न. वि. वि.

शिव्या घालत नाही. वेगळंच सांगायचं आहे.

तुम्हाला दम लागतो हे वाचलं आणि इथल्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी सांगितलं की ते लिपोप्रोटीन ए जन्मापासूनच अंगात असतं, आईबापांकडून येतं. मटण खा नाहीतर मुगाची डाळ, ते फारसं हलत नाही. म्हणून एका भावंडात निघालं तर बाकीच्यांनीही तपासून घ्यावं. मी तिथेच हात पुढे केला.

भाऊ, माझंही हद्दीबाहेर आहे. माझं रक्त धुळ्यात काढलं, इथे रहीमभाई नव्हते. कुणाची नळी कुणाशी बदलली नाही. हे आपल्याच घरचं रक्त आहे. आपले आबा गूळ जोखता जोखता तराजूवर कोसळले, तेव्हा पन्नाशीचेही नव्हते. आपण म्हणालो, नजर लागली.

मी गोळ्या सुरू केल्या आहेत. जन्माचं जात नाही, पण बाकीच्या चरबीचं प्रमाण खाली ठेवता येतं, असं डॉक्टर म्हणाले. तुम्ही उद्याच्या उद्या भुसावळला जा. हट्ट नंतर करा, त्यासाठी आधी जगावं लागतं.

तुमच्या काळजीत असलेली,
सूरज


सावदा,
१६ मार्च २०२५

चि. सौ. सूरज हिस अ. उ. आ.

भुसावळला जाऊन आलो. हृदयाच्या दोन नळ्या अरुंद झाल्या आहेत. औषध चालू केलंय, शेव बंद. हिना पाळत ठेवून असते.

परत आलो तो सरळ बाजारात गेलो. रतिलालच्या पेढीवर तीच मंडळी बसली होती. माझा रिपोर्ट खरा होता, रहीमचाही खरा होता, आणि मी खोटं बोललो, असं मोठ्याने सांगितलं. रतिलाल हसला, मदनलालजींना औषध चढलंय म्हणाला. दुसऱ्याने रस्त्यावर पचकन थुंकून तोंड फिरवलं. याच लोकांत मी शहाणा म्हणवून घेत होतो, त्याचा वीट आला.

मग रहीमकडे गेलो. तो गादीला टाके घालत होता. नळ्या बदलल्या नव्हत्या, मला माफ कर, असं म्हणालो. मला नीट ऐकू यावं म्हणून तो उठून अगदी जवळ आला आणि सावकाश बोलला. घाण रक्त म्हणाल्याचं त्याला नवल वाटलं नव्हतं, असलं बोलणं त्याने आधीही ऐकलं आहे. पण एक गोष्ट त्याला उमगत नव्हती. तो म्हणाला, मदनभाई, नळ्या बदलल्या असं तुम्ही मनापासून मानत होता ना? मग तो वाईट रिपोर्ट माझा ठरत होता. माझी लेक जैनब बाजारातली बोलणी ऐकून रडत मला डॉक्टरकडे घेऊन गेली. तुम्ही भिंतीपलीकडे बसला होता. माझं हृदय कधीही बंद पडेल असं दोन महिने मानत होता, आणि एकदाही म्हणाला नाहीत की रहीम, तपासून घे.

सूरज, एवढं बोलून तो गादीपाशी जाऊन बसला. त्याने पुन्हा सुईत दोरा ओवला. मी निघून आलो. तेव्हापासून आरशात बघवत नाही.

गोळ्या वेळेवर घेतो, तूही घे. लोभ ठेव म्हणायला आज तोंड नाही. तुला वाटला तर ठेव.

मदनलाल