बेगमची निगा

२२ ऑक्टोबर १९५६, सोमवार

अखेर साहेबांच्या नजरेत भरलो.

कॅन्टीनमध्ये मी सहज बोलून गेलो होतो, की माझं सगळं लहानपण कुत्र्यांत गेलं. खोटं नाही. बार्शीला शाळेच्या वाटेवर चार-पाच कुत्री रोज माझ्या मागे लागायची. ते कसं कोण जाणे, थेट कापडिया साहेबांच्या कानावर गेलं. साहेब डोळ्याच्या ऑपरेशनला मुंबईला चाललेत. घरी दुसरं कोणी नाही, कुत्री सांभाळणारी बाई काम सोडून गेली, खानसामा दिवाळीला गावी. विचारलं, बेगमला ठेवून घ्याल का. म्हटलं, आनंदाने सर.

बेगम म्हणजे अफगाण हाउंड, लांब केसांची. केसांबद्दल साहेब बरंच बोलले. रोज मुळापासून ब्रश, कानांचे केस वेगळे विंचरायचे, तेलाचा थेंब नाही, ओले केस मोकळे करूनच वाळवायचे. मी प्रत्येक वाक्याला येस सर म्हटलं.

आबाजी हेडक्लार्क लवकरच रिटायर होतायत. त्या खुर्चीसाठी मी आणि ज्योतीराम, दोघेच. ज्योतीरामला कोणी कुत्री दिलेली नाही. शहाण्यास अधिक सांगणे न लगे.

हिला अजून बोललो नाही.

२३ ऑक्टोबर, मंगळवार

बोललो. ही म्हणाली, दोन खोल्यांत आपणच कसेबसे मावतो. म्हटलं, कुत्रीच ती, असून असून केवढी असणार.

संध्याकाळी कंपनीच्या जीपमधून बेगम उतरली. माझ्या कमरेला लागते. केस पार जमिनीपर्यंत, मधोमध भांग. हिने दारातून पाहिलं आणि विचारलं, अंबाडाही मीच घालायचा का. मी लक्ष दिलं नाही. घरमालकीण छबूबाई पडवीतून ओरडल्या, उद्धवराव, ह्यो घोडा हाय का कुत्रं? त्यांना जातिवंत जनावराची माहिती नाही.

बेगम माझ्या अंथरुणावर झोपली. मी पोत्यावर. नवी जागा आहे, आजच्या दिवस चालेल. उद्यापासून शिस्त.

२४ ऑक्टोबर, बुधवार

प्रोग्रॅम ठरवला. पहाटे पाचला उठणे. तासभर ब्रश. मग कान. मग फेरी.

साडेसातला उठलो. थंडी पडू लागली आहे.

ब्रश मात्र अव्वल. विलायती, तारेचा. सहज माझ्या काळ्या लोकरी कोटावरून फिरवून पाहिला तर कोट नवा दिसायला लागला! ऑफिसात नेऊन मागची बाजूही केली. तिथेच ड्रॉवरमध्ये राहिला. उद्या आणतो.

२६ ऑक्टोबर, शुक्रवार

ब्रश ऑफिसात.

एक गोष्ट उघडकीस आली. ही दुपारी स्वतःची वेणी घालताना बेगमचेही केस विंचरते. फणीत पिवळे केस सापडले. मी नीट समजावून सांगितलं, की हे अशास्त्रीय आहे, फणीने केस तुटतात, ब्रश येईपर्यंत कोणी हात लावायचा नाही. जबाबदारी माझी आहे. ही म्हणाली, बरं.

हिचं ‘बरं’ मला कधीच नीट कळलेलं नाही.

२८ ऑक्टोबर, रविवार

बेगमला फिरायला नेलं. म्हणजे निघालो तेव्हा मी नेत होतो, पुढे तीच नेऊ लागली. गावाबाहेर पडून, पवनेच्या काठाने, वाळलेल्या गवतातून. माझी एक चप्पल गेली.

घरी आलो तर बेगमच्या पोटाला, पायांना, कानांना कुसळंच कुसळं. ही म्हणाली, आत्ता काढा, नाहीतर गुंता होईल. म्हटलं, उद्या ब्रश आणतो, एका फटक्यात निघतील.

बेगम माझ्यावर प्रसन्न आहे. जेवते हिच्या हातचं, बसते हिच्याजवळ, पण बघते माझ्याकडे.

३१ ऑक्टोबर, बुधवार

ऑफिसला दिवाळीची सुट्टी लागली. ब्रश आत. कुलूप बाहेर.

१ नोव्हेंबर, गुरुवार. नरक चतुर्दशी. पहाट.

आज स्वतःहून साडेचारला उठलो, याची नोंद असावी. हिने मला तेल लावलं. वाटीत बरंच तेल उरलं. बेगम दारात बसून बघत होती. मनात आलं, आज अख्खं चिंचवड न्हाऊन-माखून घेतंय आणि या मुक्या जीवानेच काय पाप केलं? साहेब तेल नको म्हणाले होते खरे. पण साहेब पारशी, विलायतेत शिकलेले. आपल्याकडे केस म्हटले की तेल, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. रुक्ष पडले होते केस.

सगळी वाटी जिरवली. मग कपाटातली बाटली. वर उटणं, चांगलं चोळून, उलट्या-सुलट्या हाताने. ही न्हाणीच्या दारात उभी होती. म्हणाली, अहो. मी म्हटलं, तू हात लावू नकोस. म्हणाली, बरं.

बंबातलं पाणी संपलं तरी उटणं निघेना. शेवटी तशीच पंच्याने खसखसून पुसली. बेगम सुटली ती छबूबाईंच्या अंगणात जाऊन लोळली. त्यांनी पडवीत चुलीची राख काढून ठेवली होती.

पण वास फार सुंदर येतोय.

३ नोव्हेंबर, शनिवार. पाडवा.

ओवाळणीची साडी हिला आवडली नाही. बेगमचे केस जरा जड वाटतात. तेल मुरतंय.

६ नोव्हेंबर, मंगळवार

ऑफिस उघडलं. ब्रश आणला! सगळी कामं बाजूला ठेवून बसलो. ब्रश बेगमच्या कानामागे घातला. आत गेला. बाहेर येईना. ओढला तर बेगम किंचाळली आणि ब्रशसकट पलंगाखाली गेली. ब्रश हिने सोडवला. त्याचे सात-आठ दात बेगमकडेच राहिले.

नीट पाहिलं. तेल, उटणं, कुसळं, राख, सगळ्याचा मिळून एक-एक गोळा झालाय. कानामागे, काखेत, पोटाखाली. मनगटाएवढे. घोंगडीच जणू. हिला म्हटलं, तू जरा फणीने बघतेस का. म्हणाली, फणीने केस तुटतात ना.

आता बोलून काय उपयोग.

८ नोव्हेंबर, गुरुवार

नवीनच प्रकरण.

सकाळी बेगम पडवीत पडली होती. छबूबाई पाणी घेऊन येत होत्या. बेगमच्या कानामागे लोंबणारा पिवळा पीळ त्यांनी पाहिला, कळशी खाली ठेवली, आणि हात जोडले. म्हणाल्या, अगं बया, ही तर जट हाय. देवीनं धरलं की वो हिला!

मी समजावलं, की हा तेलाचा गुंता आहे. त्या म्हणाल्या, समद्यांची जट आदी गुंताच असतीया, मग कळतं कुणाची हाय ती. आणि हळदीचा रंग आपोआप कसा आला, हे सांगा. मी म्हटलं, उटणं. त्या म्हणाल्या, उटणं लावायची बुद्धी कुणी दिली? मी मनात म्हटलं, खरंच कुणी दिली?

मग त्यांनी दम भरला. जटंला कात्री लावायची न्हाई. माझ्या घरात जट कापली तर तुमची भांडीकुंडी त्याच दिशी रस्त्यावर.

९ नोव्हेंबर, शुक्रवार

ऑफिसातून आलो तर दारात बायका. देवीचा वार. हळदकुंकू, खण, नारळ. बेगम माझ्या अंथरुणावर मधोमध बसलेली, कपाळाला मळवट. मी आत जाऊ लागलो तर कोणीतरी म्हणालं, बाप्या माणसानं भाईर थांबावं. बाहेर थांबलो. गर्दीला शिस्त लागावी म्हणून चपला जोडीजोडीने लावल्या. ते काम चोख झालं.

बेगमने दोन नारळांचं खोबरं खाल्लं. उरलेल्याची हिने चटणी केली.

साहेब आले की काय सांगू? आपली बेगम देवी झाली सर?

११ नोव्हेंबर, रविवार

दुपारी छबूबाई मळ्यात गेल्याचं बघून बेगमला कोंडाजी न्हाव्याकडे नेली. म्हटलं, गुपचूप भादरून दे. तो म्हणाला, कुत्र्याला वस्तरा लावला तर गावातली एक दाढी माझ्याकडं येणार न्हाई. म्हटलं, कात्रीने कर. तेवढ्यात त्याला मळवट दिसला. म्हणाला, ही ती जटवाली व्हय? आणि दोन्ही कानांना हात लावले. मग माझीही दाढी करायला नाही म्हणाला.

दाढी वाढली आहे.

१२ नोव्हेंबर, सोमवार

तार. साहेब बुधवारी येतात. घरी येऊन बेगमला घेऊन जातील. तिला तयार ठेवावी.

ज्योतीराम शेजारच्या टेबलावरून म्हणाला, काय उद्धवराव, चेहरा का उतरला? म्हटलं, काही नाही, जबाबदारी.

कापलं तर घर जातं. नाही कापलं तर खुर्ची, आणि कदाचित नोकरीही. दोन्हींत माझं बूड कुठे टेकणार?

संध्याकाळी. ऑफिसातली कागद कापायची कात्री कोटाच्या खिशातून आणली. छबूबाई देवळात होत्या. दार लावलं, बेगमला धरली, डोळे मिटले आणि कापलं. माझी बाही. बेगमला वाटलं खेळ चाललाय, ती पायांतून निघून गेली. पुन्हा धरली. या वेळी धोतर.

खरं लिहायचं तर मोरीत जाऊन रडलो. पस्तिशीचा माणूस. बेगम मागून आली आणि डोकं माझ्या गुडघ्यावर ठेवलं. कानामागे हात लागला तशी कुईकुई करायला लागली. तो गोळा कातडीला ओढतोय. मान वळवता येत नाही तिला. दुखतंय. आणि मी आपला खुर्चीचा हिशेब करतोय. हे आधी लक्षात यायला हवं होतं. कदाचित आलंही असेल, कामाच्या गडबडीत राहून गेलं.

हिला म्हटलं, सुमन, आता तूच काहीतरी कर. लग्नानंतर पहिल्यांदाच असं म्हणालो असेन. ही या वेळी ‘बरं’ म्हणाली नाही. पदर खोचून छबूबाईंकडे गेली.

१३ नोव्हेंबर, मंगळवार

रजा टाकली.

हिने छबूबाईंना एकच विचारलं म्हणे. देवी आली ते खरंच, पण पाहुणी आली की तिची पाठवणी करतात का नाही? बेगमची मान धरलीय, तिला दुखतंय. तुमच्या लेकीची मान धरली असती तर? छबूबाईंनी उठून बेगमची मान चाचपली आणि म्हणाल्या, पाठवणी रीतीनं व्हाया पायजे.

ठरलं ते असं. ओटी भरायची. पहिली कात्री छबूबाईंची, म्हणजे दोष नाही. बाकी ही कापणार. सगळी जट पंच्यात बांधून आळंदीला, इंद्रायणीत. घरातल्या कर्त्या पुरुषाने नेऊन सोडायची.

कर्ता पुरुष म्हणजे मी. हे ऐकून ही हसली नाही, एवढं मात्र मी बघितलं.

ओटी भरताना छबूबाई रडल्या. मग कात्री चालली. मी बेगमचे पाय धरले होते. म्हणजे सुरुवातीला. नंतर ही म्हणाली, तुम्ही सोडा, ती उभी राहतेय आपली आपण. आणि राहिली! गोळ्याला गोळा खाली पडत होता आणि ती हूं की चूं न करता उभी. वर फक्त शेपटीचा झुपका राहिला. बाकी हुबेहूब शेळी.

शेवटचा गोळा निघाला तशी तिने मान गर्रकन इकडून तिकडे फिरवली. मग अंगणात अशी धावली, अशी धावली, की छबूबाईसुद्धा हसल्या.

मला हसू येईना. उद्या साहेब.

१४ नोव्हेंबर, बुधवार

मजकूर पाठ केला. सर, हवामानामुळे केस काढणे वैद्यकीय दृष्ट्या आवश्यक झाले. सर, निर्णय माझा होता. साहेबांची गाडी संध्याकाळी, तोवर आळंदी उरकून परत. दापोडीपर्यंत आगगाडी, पुढे दिघीमार्गे एस.टी. मांडीवर पंच्याचं गाठोडं. शेजारच्या बाईंनी विचारलं, लोकर का? म्हटलं, हो. नदीत सोडलं तर बुडेना. काठीने ढकलत ढकलत पार लांबपर्यंत गेलो. परतीची एस.टी. गेली. पुढची येईपर्यंत साहेबांपुढे काय बोलायचं ते नदीला म्हणून दाखवलं. छान जमलं होतं.

घरी पोचलो तर साहेब दुपारीच येऊन गेले होते. कंपनीची जीप मात्र परत येऊन दारात उभी.

हिला विचारलं, रागावले? म्हणाली, काळा चष्मा लावून आले, बेगमवरून हात फिरवला आणि विचारलं, काय झालं. मी सांगितलं. म्हटलं, काय सांगितलंस? म्हणाली, सगळं. ब्रश, कोट, कुसळं, तेल, देवी. म्हटलं, सगळं? म्हणाली, सगळं. साहेब इतके हसले, की डोळ्याला त्रास होईल म्हणून मीच गप्प केलं. म्हणाले, केस काय, येतील पुढच्या वर्षी. कुत्री तुमच्या मागे मागे फिरते, तेवढं पुरे. बंगल्यावर येऊन तिला सांभाळाल का? मागे दोन खोल्या आहेत, पाण्याचा नळ आहे.

मी विचारलं, माझं नाव निघालं का? निघालं, म्हणाली. साहेबांनी विचारलं, कुत्री दिली तेव्हा मला धड दिसत नव्हतं, मिस्टर म्हणजे नेमके कोण. मी म्हटलं, तुमच्याच ऑफिसात, तुमच्या केबिनच्या बाहेर बसतात. साहेबांनी पुष्कळ आठवून पाहिलं. म्हणाले, ते बारीकसे? मी म्हटलं, नाही, ते ज्योतीराम. तेव्हा म्हणाले, हां, ज्योतीराम, त्यांनाच हेडक्लार्क करतोय मी.

बराच वेळ पायरीवर बसलो. आत भांडी वाजत होती. मग आठवण झाली म्हणून आत वाकून विचारलं, खोल्यांचं काय उत्तर दिलंस? म्हणाली, साहेबांना सांगितलं, ह्यांना विचारून कळवते.

म्हटलं, मग विचार की.

म्हणाली, विचारतेच आहे. ती ट्रंक तेवढी जीपमध्ये ठेवता का?

ठेवली.