लाल बल्ब लागला असेल तर आत येऊ नये

३ मार्च
आजपासून युनिव्हर्सिटीत. म्हणजे नोकरीला. शिकायला होतो तेव्हा दीड वर्षात उठलो होतो, आता मागच्या दाराने का होईना, विद्वानांत परत आलो.

खोली दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या कडेला. आधी इथे भूगर्भवाले दगड ठेवायचे. कपाटाखाली दोन-तीन अजून आहेत. एक खुर्ची, दोन दिवे, कॅमेरा, मागे पुस्तकांचं शेल्फ. जगात कुठे खुट्ट झालं की चॅनलवाले फोन करतात, विद्वान द्या. आपण विद्वान शोधायचा, खुर्चीत बसवायचा, कॉलरला माइक, कानात बटण, तोंडावर उजेड. पुढचं तो बोलतो.

विद्वान यायच्या आधी उजेड जमवायला खुर्चीत कुणीतरी बसावं लागतं. म्हणजे मी. बसलो आणि स्क्रीनवर स्वतःला पाहिलं. काय अभ्यासू दिसतो मी! आजवर हे कुणीच सांगितलं नाही.

संकल्प: रोज एक देश वाचायचा. वर्षभरात जग आटोपतं.

४ मार्च
देश राहिला. सामान लावण्यात दिवस गेला. शेल्फवरची पुस्तकं रंगाप्रमाणे लावली. ग्रंथपालांना बोलावून दाखवलं. ते खाली बसले.

ताई विचारत होती, ही कितवी नोकरी? म्हटलं, अनुभव मोजायचे नसतात. ती म्हणाली, मोजू नकोस, पण ही सुटली तर मुकाट्याने दाजींच्या गोदामात फरशा उचलायच्या. दाजींनी लगेच माझे दंड बघितले आणि मान हलवली. या घरात राहतो म्हणून ऐकून घेतो.

६ मार्च
मॅडमनी बोलावलं. आमच्या मीडिया विभागाच्या प्रमुख. त्या हसत नाहीत, त्यामुळे बोलणं लवकर संपतं.

झालं असं. इथे एक सर आहेत. उभा जन्म एकाच सामुद्रधुनीचा अभ्यास केला. ती लांब कुठेतरी आहे, दोन समुद्रांच्या मधली चिंचोळी वाट. सगळे त्यांना सामुद्रधुनी सर म्हणतात. एकाही चॅनलने त्यांना कधी विचारलेलं नाही, कारण त्या सामुद्रधुनीत कधी काही झालेलंच नाही. उलट दुसरे एक सर आहेत, ज्यांना मी सर्वज्ञ सर म्हणतो. युद्ध, तेल, निवडणुका, अंतराळ, काहीही विचारा. ते खुर्चीत बसताना विषय विचारतात.

सामुद्रधुनी सर एकतीस तारखेला रिटायर होणार. मॅडम म्हणाल्या, त्याच्या आत त्यांना एकदा तरी टीव्हीवर आणा, मी तुम्हाला कायम करते. नाहीतर एकतीसला तुमचीही मुदत संपतेच आहे.

एवढंच? डाव्या हाताचा मळ!

९ मार्च
सरांना भेटलो. मऊ माणूस. मला अहो-जाहो करतात. कोट घालून बसलेले, म्हटलं कुठे निघालात? म्हणाले, नाही, फोन आलाच तर. हा कोट ते कित्येक वर्षं असाच घालून बसतात.

काकूंची म्हणजे त्यांच्या मिसेसची फार इच्छा आहे. शेजारणीचा जावई हवामानाच्या बातम्यांत दिसतो, त्यावरून रोज काहीतरी टोमणा येतो म्हणे.

सरांचा प्रॉब्लेम लगेच ओळखला. काहीही विचारा, ते पृथ्वी थंड झाली तिथून सुरू करतात. चॅनलवर चाळीस सेकंद मिळतात. उद्यापासून क्लास घेतो. मी काही शिकलेला नसलो तरी शिकवण्याचा हात आहे, हे ड्रायव्हिंग स्कूलमध्ये असतानाच कळलं होतं. भिंत पडली ती विद्यार्थ्याची चूक.

११ मार्च
क्लास. सर चाळीस सेकंदांत हिमयुगापर्यंत आले. प्रगती आहे.

आपणही विषय जाणून घ्यावा म्हणून सामुद्रधुनीवरचं जाडजूड पुस्तक आणलं. पान अकरावर ऑक्टोपसचं चित्र होतं. मग ऑक्टोपसवरचं पुस्तक आणलं. काय प्राणी आहे! तीन हृदयं! सामुद्रधुनी उद्या.

१४ मार्च
खोलीचं दार कुणीही उघडतं. काल सर्वज्ञ सर लाइव्ह असताना कँटीनवाला चहाचे पैसे मागायला आत आला. सर बोलता बोलता खिसा चाचपायला लागले.

म्हणून नियम केला: दारावर लाल बल्ब. तो लागला असेल तर कुणीही आत यायचं नाही. आग लागली तरी नाही. पाटी स्वतः रंगवली. बल्ब आणायला गेलो तर वाटेत जुन्या सायकली विकायला काढलेल्या. एक घेतली. पुढचं चाक नाही, पण रंग चांगला आहे. बल्ब उद्या.

१६ मार्च
बल्ब लावला. मॅडम म्हणाल्या, चला, एक काम झालं. सामुद्रधुनी सरांनी पाटी दोनदा वाचली आणि नियम फार उत्तम आहे म्हणाले. शिस्त कळणारा एकच माणूस आहे इथे.

१८ मार्च
सगळ्या चॅनलना फोन केले. सामुद्रधुनीचे मोठे तज्ज्ञ आहेत, घ्या. सगळ्यांनी विचारलं, तिथे काय झालं? म्हटलं, काहीच नाही, हीच तर बातमी आहे. एका प्रोड्यूसर बाईंनी मात्र नंबर लिहून घेतला. माझा आवाज चांगला आहे म्हणाल्या. किंवा आवाज येत नाही म्हणाल्या. लाइन खराब होती.

२० मार्च
झालं!! सामुद्रधुनीत एक भलंमोठं जहाज आडवं अडकलं! वाळूत रुतलं! मागे शेकडो जहाजं खोळंबली! आजवर इतकी चांगली बातमी ऐकली नव्हती.

सगळ्या चॅनलचे फोन. सर्वज्ञ सर आपणहून खोलीबाहेर येऊन उभे राहिले. त्यांना म्हटलं, आज नाही. उद्या दुपारी चारला त्या प्रोड्यूसर बाईंच्या चॅनलवर सामुद्रधुनी सर. फिक्स!

सरांना सांगितलं तर ते आधी खुर्चीत बसले, मग उठले, मग म्हणाले, जहाजावरची माणसं सुखरूप आहेत ना? आहेत म्हटल्यावर घरी फोन केला. काकूंनी शेजारणीला जावयासकट बोलावलंय.

ताईला सांगितलं, कायम झालो समज. ती म्हणाली, समजते एकतीसला.

२१ मार्च, सकाळ
सर क्लासला आले. अडतीस सेकंद! पृथ्वी वगळली! कोट इस्त्रीचा, नवीन टाय. मी सरांना एकच मंत्र दिला: अँकर काहीही विचारो, माहीत नाही असं म्हणायचं नाही. ते म्हणाले, पण माहीत नसेल तर? या वयात कोण कुणाला शिकवणार.

पावणेचारला या म्हटलंय. तोवर मी उजेड जमवतो.

२१ मार्च, संध्याकाळ
आधी घडलं तसं लिहितो. नंतर लोक फिरवून सांगतील.

साडेतीनला खुर्चीत बसलो. माइक माझ्या कॉलरला, बटण माझ्या कानात, लाल बल्ब चालू. एकदम कानात प्रोड्यूसर बाई म्हणाल्या, सर, पंतप्रधानांची प्रेस कॉन्फरन्स लवकर संपली, आत्ताच येतोय तुमच्याकडे. मी म्हणणार होतो की मी सर नाही. पण तेवढ्यात अँकरने विचारलं, सर, परिस्थिती किती गंभीर आहे? देशाला उत्तर हवं होतं. खुर्ची रिकामी ठेवली असती तर युनिव्हर्सिटीची अब्रू गेली असती.

म्हटलं, अत्यंत गंभीर.

पुढे ओघ लागला. जहाज कधी निघेल? तीन महिने! का? इथे जरा अडलो. मग म्हटलं, ऑक्टोपसला तीन हृदयं असतात, तशी या संकटालाही तीन हृदयं आहेत. अँकर म्हणाला, वा! खालच्या पट्टीवर लगेच आलं, 'संकटाला तीन हृदयं: ज्येष्ठ अभ्यासक'. त्यापुढे सरांचं नाव होतं. तांत्रिक बाब.

संपवून बाहेर आलो तर सर दाराबाहेर उभे. कोट, टाय. केव्हाचे उभे होते, आतलं सगळं ऐकत. विचारलं, आत का नाही आलात? त्यांनी बल्बकडे बोट केलं. म्हणाले, नियम आहे ना.

चिडले नाहीत. फक्त म्हणाले, तुम्ही तीन महिने म्हणालात. जहाज अडकलंय ते वळण वाळूचं आहे. परवा पौर्णिमा, भरती मोठी येईल, तेव्हा निघेल बहुतेक. मग हळूच विचारलं, घरी फोन करता येईल का? काकू तिकडे पाहुण्यांना सांगत बसल्या असतील की हे आमचे नाहीत.

जेवण गेलं नाही. दुपारी बिस्किटं जास्त झाली असावीत.

२२ मार्च
मॅडमनी बोलावलं. आज त्या हसल्या. हसल्या नसत्या तर बरं झालं असतं.

समजावून सांगितलं: सरांचं नाव तर टीव्हीवर आलं. अर्धी अट पूर्ण. मॅडम म्हणाल्या, उरलेल्या अर्ध्याचं बघा.

काळजी नाही. जहाज तीन महिने तिथेच आहे. रोज एक चॅनल धरलं तरी सर कंटाळतील.

२३ मार्च
जहाज निघालं. पौर्णिमेच्या भरतीला, सर म्हणाले होते तसंच. इतकी घाई करायची काय गरज होती? बाकी जगात कुणालाच घाई नसते.

सगळ्या चॅनलना फोन केले. सगळे म्हणाले, विषय संपला. सर्वज्ञ सर आज फुटबॉलवर बोलले.

सरांकडे जायला निघालो होतो. सायकलला चाक बघायला वाटेत थांबलो. उशीर झाला म्हणून गेलो नाही. तोंड कसं दाखवायचं हा प्रश्न नव्हता, उशीर झाला.

२५ मार्च
प्रोड्यूसर बाईंचा फोन! लोक चॅनलला नावं ठेवतायत, तीन महिने म्हणणारे ते ज्येष्ठ अभ्यासक कुठे गेले? उद्या चारला त्यांनी येऊन खुलासा करावा.

म्हणजे मला बोलावलं! संकल्प: उद्या कबूल करायचं की जहाजाने अनपेक्षित वेग घेतला. आणि चौथं हृदय.

मॅडमना सांगायला गेलो. त्या म्हणाल्या, पट्टीवर नाव कुणाचं होतं? मग खुलासा कोण करेल? मी म्हटलं, पण सरांनी तसं म्हटलंच नव्हतं. मॅडम म्हणाल्या, हे मला माहीत आहे, आता तुम्ही त्यांना जाऊन सांगा.

गेलो. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग कोटाची बटणं लावली. म्हणाले, बोलावलं तर खरं.

२६ मार्च
चार वाजता सर आत. आज मी बाहेर, लाल बल्बसमोर. मॅडमच्या फोनवर बघितलं.

अँकरने दरडावून विचारलं, तुमचं भाकीत फसलं कसं? आणि तुम्ही मागच्या वेळी जरा तरुण दिसत होता. सर म्हणाले, ते मी नव्हतो. आमच्याकडे उजेड जमवतात ते गृहस्थ होते. खुर्चीत होते, त्यांना विचारलं गेलं, त्यांनी उत्तर दिलं. आपल्या क्षेत्रात हे नेहमीच होतं.

स्टुडिओत हशा. मॅडमही हसल्या, पोट धरून. अँकरने विचारलं, मग तीन हृदयांचा अर्थ काय? सर म्हणाले, मला माहीत नाही. माझा मंत्र पाण्यात! चॅनलवाले लाइन तोडतील वाटलं. उलट अँकर पुढे सरकून बसला, म्हणाला, सर, सुरुवातीपासून सांगा.

सुरुवातीपासून! सरांनी पृथ्वी थंड केली. बारा मिनिटं बोलले. कुणी तोडलं नाही. त्या वाळूच्या वळणावर जहाज येईपर्यंत मीसुद्धा श्वास रोखून होतो.

बाहेर आल्यावर सरांनी माझे दोन्ही हात धरले. काकूंचा फोन आला होता, शेजारीण आज काही बोलली नाही म्हणे. मी सरांना सॉरी म्हणणार होतो. ते म्हणाले, अहो, तुम्ही चुकला नसता तर मला कुणी बोलावलं नसतं.

हेच मी सगळ्यांना सांगतोय.

३१ मार्च
सर रिटायर झाले. अट पूर्ण, मॅडमनी शब्द पाळला. कायम केलं. ताईने कागद उजेडाला धरून दोनदा बघितला. दाजी जरा हिरमुसले.

एकच बदल. उजेड जमवायला आता मी खुर्चीत बसायचं नाही. मॅडमनी शिवणकामाच्या वर्गातून कापडी पुतळा आणून बसवलाय. कोट घातलेला. डोकं आहे, तोंड नाही. मी फक्त दिवे फिरवायचे.

दुपारी चॅनलला लाइन जोडून दिली. प्रोड्यूसर बाई म्हणाल्या, हे नवीन सर कोण? शांत वाटतात. रविवारी मोकळे आहेत का?